पुढचा पंप अडीचशे किलोमीटरवर

तुम्ही मेलबर्नला नोकरी करत असाल, ॲडलेडला शिकत असाल, किंवा पुण्या-नाशकाहून रजा काढून खास येणार असाल. मोटारसायकल घेऊन ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, लाल मातीच्या त्या ओसाड मुलखात, म्हणजे आउटबॅकमध्ये, जायचं तुमच्या मनात आहे. जरूर जा. निघण्याआधी एवढं वाचा. वाचून झालं की घरात जे कोणी तुमच्या काळजीने जागणार आहे, त्यांनाही वाचायला द्या. शेवटचा भाग त्यांच्यासाठीच आहे.

‘लडाख केलंय, स्पिती केलंय, सपाट रस्त्याचं काय एवढं?’ असं मुलं म्हणतात. लडाखमध्ये रस्ताच तुम्हाला बजावत असतो. दरी दिसते, दम लागतो, नाल्याचं पाणी आडवं येतं. तुम्ही आपोआप जपून चालवता. आउटबॅकमध्ये तसं काही होत नाही. रस्ता डांबरी, सरळ, रिकामा. गाडी शंभरावर असते आणि पळतेय असं वाटतही नाही. पाणी संपत आलेलं असतं, पेट्रोल संपत आलेलं असतं, डोळे जड झालेले असतात, आणि तुम्हाला सगळं छान चाललंय असं वाटत असतं.

अंतरं आधी समजून घ्या. पोर्ट ऑगस्टाहून डार्विनला जाणारा स्टुअर्ट हायवे सुमारे २,७०० किलोमीटरचा आहे. मुंबई ते नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. म्हणजे जवळजवळ चार समृद्धी एकापुढे एक. (समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, ते एक सोडा.) हा रस्ता ज्या नॉर्दर्न टेरिटरीतून जातो, तो प्रदेश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आणि वस्ती सगळी मिळून अडीच लाखांच्या आसपास. त्यातलीही निम्म्याहून जास्त एकट्या डार्विनच्या अंगाला. रस्त्यात टपरी नाही, पंक्चरवाला नाही, ‘काय झालं हो’ म्हणून विचारायला शेतातून येणारं कोणी नाही.

म्हणून तिथे प्रत्येक गोष्ट आपल्याकडे करतो त्याच्या एक पायरी आधी करायची. टाकी अर्ध्यावर आली की भरायची. तहान लागण्याआधी प्यायचं. डोळे मिटायला लागण्याआधी थांबायचं. अंधार पडण्याआधी मुक्काम गाठायचा.

कधी जायचं

मे ते सप्टेंबर. यात घासाघीस करू नका.

डिसेंबरात सुट्टी असते, विमानाची तिकिटं काढलेली असतात, मित्र मोकळे असतात. तरी नको. तेव्हा तिथे भर उन्हाळा असतो. कूबर पीडीसारख्या गावी पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. त्या गावात पुष्कळ लोक जमिनीखाली खोदलेल्या घरांत राहतात, ते उगाच नाही. वर उत्तरेला, डार्विनच्या बाजूला, त्याच दिवसांत पावसाळा असतो आणि रस्ते पाण्याखाली जातात.

‘चंद्रपूरच्या उन्हात वाढलोय’ हेही सांगू नका. चंद्रपूरला तुम्ही दुपारी सावलीत असता. इथे जाकीट, हेल्मेट, हातमोजे घालून तापलेल्या वाऱ्यात बसायचं असतं, तासन् तास.

थंडीत गेलात तरी गरम कपडे घ्या. जुलैत ॲलिस स्प्रिंग्सला दुपार वीस अंशांची, सुखाची. रात्री पारा चार-पाचवर येतो, कधी शून्याखालीही. सकाळी गाडीवर वारा लागला की बोटं वळत नाहीत, आणि न वळणाऱ्या बोटांनी ब्रेक दाबता येत नाही. जाड हातमोजे, आतून घालायची थर्मल बंडी, गळ्याला गुंडाळायला काहीतरी. वाळवंट म्हणजे गरम, असं धरून चालू नका.

कागद आणि हेल्मेट

तुमचं भारतातलं लायसन्स काढा आणि नीट बघा. त्यावर गियरच्या दुचाकीची नोंद आहे का? पुष्कळांच्या लायसन्सवर फक्त चारचाकीची नोंद असते, आणि गावात स्कूटर चालवताना कोणी विचारलेलं नसतं. तिथे विचारतात. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी हेच विचारते.

नोंद असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तो वर्षभर चालतो. मूळ लायसन्स सोबत ठेवावंच लागतं. जे तिकडे कायमचे राहायला गेलेत त्यांना काही महिन्यांतच तिथलं लायसन्स काढावं लागतं. ही मुदत प्रत्येक राज्यात वेगळी आहे. तुमच्या राज्याची विचारून घ्या.

हेल्मेट इथून नेणार असाल तर त्यावरचा शिक्का पाहा. नुसत्या आयएसआय शिक्क्याचं तिथल्या कायद्याला चालत नाही. ऑस्ट्रेलियन मानकाचं किंवा ईसीई २२.०५, २२.०६ असं लिहिलेलं लागतं. कितीही महागाचं असलं तरी शिक्का नसेल तर ते कपाटात राहू द्या.

विमा नीट वाचा. वाचायचा कंटाळा येत असेल तर कंपनीला फोन करून विचारा आणि उत्तर लेखी मागा. प्रवासविम्यात मोटारसायकल पुष्कळदा वगळलेली असते, किंवा ठरावीक सीसीच्या वरची वगळलेली असते. गाडी भाड्याची असेल तर कच्च्या रस्त्यावर आणि गावाबाहेर अंधारात चालवली की विमा उडतो, अशी अट पुष्कळ करारांत असते. भारतातून पाहुणे म्हणून गेलेल्यांना तिथली सरकारी आरोग्यसेवा फुकट मिळत नाही. मोडलेल्या पायाचं बिल कोणाच्या घरावर येणार, हे आज ठरवा.

पहिल्या वेळी डांबर सोडू नका

नकाशावर ऊडनाडाटा ट्रॅक दिसेल, बर्ड्सव्हिल ट्रॅक दिसेल, लॅव्हर्टनहून उलुरूच्या खडकाकडे जाणारा ग्रेट सेंट्रल रोड दिसेल. नावं मोहात पाडणारी आहेत. हे सगळे मुख्यतः कच्चे रस्ते. कुठे गोटे, कुठे वाळू, आणि कुठे पिठासारखी बारीक धूळ खड्डा काठोकाठ भरून बसलेली. वरून रस्ता सपाट दिसतो आणि पुढचं चाक आत जातं. पाऊस पडला की रस्ते बंद करतात. बंदचा फलक लावल्यावर आत गेलात तर दंड होतो. मग एखाद्या रोडहाऊसवर, म्हणजे रस्त्यावरच्या पंप-खाणावळीवर, दिवसच्या दिवस बसून राहायची तयारी हवी. ज्यांची रजा मोजकी आहे त्यांनी त्या वाटेला जाऊच नये.

डांबरी रस्तेही कमी नाहीत. उत्तर-दक्षिण जायचं तर स्टुअर्ट हायवे. तो १९८७ साली पुरता डांबरी झाला. पूर्व-पश्चिम जायचं तर पोर्ट ऑगस्टा ते नॉर्समन असा आयर हायवे, सोळाशे किलोमीटरहून जास्त, नलरबोरच्या झाड नसलेल्या पठारावरून. उलुरूला जायचं तर एर्ल्डंडाला स्टुअर्ट हायवे सोडून पश्चिमेला वळायचं, तोही रस्ता डांबरी. पहिल्या खेपेला एवढं भरपूर झालं.

दिवस आखताना

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. गाडी सकाळी आठच्या आधी काढू नका आणि साडेचार-पाचपर्यंत मुक्कामाला लागा.

तुम्हाला सवय पहाटे चारला निघायची. ‘ऊन व्हायच्या आत दोनशे मारू’ हे आपल्याकडचं शहाणपण. तिथे ते उलटं पडतं. कांगारू पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री चरायला निघतात. डांबरावर पडलेलं पावसाचं पाणी कडेला निथळतं, त्यामुळे गवत रस्त्यालगतच जास्त हिरवं असतं. म्हणून ते रस्त्याच्या कडेलाच येतात. दिव्याने बिचकले की कुठे उडी मारतील ते सांगता येत नाही. बरोबर तुमच्या पुढ्यातही मारतात. मोठा नर माणसाएवढा उंच असतो.

गुरांचंही तसंच. तिथे गुरांच्या रानांना ‘स्टेशन’ म्हणतात. त्यांना पुष्कळ ठिकाणी कुंपण नसतं, आणि एकेक स्टेशन आपल्या जिल्ह्याएवढं असतं. काळी गाय रात्री डांबरावर बसलेली दिसतच नाही. ताशी शंभर-एकशेदहाच्या वेगात गाडी थांबायला शंभर मीटरहून जास्त लागतात. तुमचा दिवा तेवढं नीट दाखवत नाही. हिशोब तुम्हीच करा.

मोकाट उंटही भेटतील. त्यांचे पूर्वज आपल्याच बाजूने गेलेले. १८६० साली एका मोठ्या मोहिमेसाठी चोवीस उंट कराचीहून जहाजाने मेलबर्नला नेले, सोबत सांभाळायला माणसंही. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. पुढे आणखी हजारो उंट गेले. मोटारी आल्यावर त्यांना सोडून दिलं, आणि ते तिथे मजेत वाढले. दिसला तर फोटो काढा, पण गाडी रस्त्याच्या पुरती बाहेर घेऊन.

दिवसाउजेडी गरुडांकडे लक्ष ठेवा. मेलेल्या कांगारूवर ते बसलेले असतात. पंख दोन मीटरहून जास्त, अंग जड. पटकन उडता येत नाही, आणि उडतात ते छातीच्या उंचीवरून. लांबून दिसले की वेग कमी करा, त्यांना उठायला वेळ द्या.

थंडीत दिवस लहान. सहा वाजता अंधार. तेव्हा तुमच्या हातात आठ-साडेआठ तास राहतात. त्यात पेट्रोल, जेवण, विश्रांती. दिवसाला चारशे, फार तर पाचशे किलोमीटर धरा. नकाशावर आठशे ‘होऊन जातील’ असं दिसतं. पहिल्या दिवशी होतीलही. तिसऱ्या दिवशी अंग बोलेल.

दर पाचव्या दिवशी गाडी न काढता एका जागी राहा. कपडे धुवा, चेन साफ करा, झोपा. हा दिवस पहिल्यापासून आखणीत धरा. पुढे वेळ कमी पडला की सगळे आधी हाच दिवस कापतात. तो कापू नका.

रोड ट्रेन

एका ट्रकला मागे तीन-तीन डबे. लांबी साडेत्रेपन्न मीटरपर्यंत. आपला मोठा कंटेनर याच्यापुढे लहान दिसतो.

समोरून आली की वाऱ्याचा धक्का बसतो. हँडल घट्ट आवळू नका, कोपर सैल ठेवा, थोडं डावीकडे राहा. धक्का येतो आणि जातो.

पुढे असेल तर घाई नको. ती शंभरने चालली आहे आणि तुम्ही एकशेदहाने, असं धरा. तिला पार करायला तुम्हाला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागतं, एक किलोमीटरहून जास्त रस्ता लागतो. समोरून येणाराही तेवढ्याच वेळात तेवढंच अंतर कापतो. म्हणजे दोन-अडीच किलोमीटर समोर स्वच्छ दिसलं पाहिजे. नसेल दिसत तर मागे पडा, चहाला थांबा. ती निघून जाईल. अगदी पाठीला चिकटून मात्र चालू नका. तिच्या टायरखालचे खडे तुमच्या काचेवर येतात, आणि ड्रायव्हरला तुम्ही आरशात दिसत नाही.

पेट्रोल

ग्लेनडॅम्बो ते कूबर पीडी, अडीचशे किलोमीटर. मध्ये पंप नाही. नलरबोरवरही दीडशे-दोनशे किलोमीटरची अशी रिकामी अंतरं आहेत.

तुमची गाडी एका टाकीत किती जाते, हे कंपनीच्या कागदावरून ठरवू नका. निघण्याआधी घराजवळ सामान लादून, हायवेच्या वेगाने चालवून मोजा. मग त्यातून पाचवा हिस्सा वजा करा. समोरून वारा लागला की गाडी तेवढं जास्त पिते, आणि त्या उघड्या पठारावर वारा दिवसभर लागतो. उरलेला आकडा तीनशेच्या खाली असेल तर पाच लिटरचा, पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन न्या. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून नेऊ नका, तहानेच्या वेळी हात चुकतो.

रोडहाऊस म्हणजे पंप, खाणावळ, राहायच्या खोल्या, दुकान, सगळं एकाच छपराखाली. रात्री लवकर बंद होतात, आणि कधी एखादं कायमचंही बंद झालेलं असतं. आदल्या संध्याकाळी फोन करून विचारा, ‘उद्या पेट्रोल आहे ना?’ यात लाजायचं काही नाही. दर शहरापेक्षा बरेच चढे असतात. कुरकुर करू नका, ते पेट्रोल तिथवर आणायलाही पेट्रोलच जळतं.

काही ठिकाणी पंपावर ‘ओपल’ लिहिलेलं दिसेल. वास घेऊन नशा करणाऱ्यांना त्याची नशा चढू नये, म्हणून मुद्दाम तसं बनवलेलं हे पेट्रोल. साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला चालतं. तुमच्या गाडीला वरच्या दर्जाचं लागत असेल तर निघण्याआधी मेकॅनिकला विचारून ठेवा.

पाणी, ऊन, खाणं

माणशी दिवसाला पाच लिटर पिण्याचं पाणी. त्याशिवाय गाडी बंद पडली तर म्हणून आणखी पाच लिटर, ज्याला हात लावायचा नाही. वजन होतं, मान्य. त्यासाठी जीन्सची दुसरी जोडी घरी ठेवा.

सगळं पाणी एकाच पिशवीत ठेवू नका. एक फुटली तर दुसरी हवी. रोडहाऊसच्या नळाला पुष्कळदा बोअरचं खारट पाणी असतं. प्यायला चालतं का ते विचारा, आणि गोडं पाणी सरळ विकत घ्या. नलरबोरवर पाणी त्यांनाच पुरत नाही, फुकट पाच लिटर भरून मागू नका.

जलसंजीवनीच्या पुड्या जवळ ठेवा. कोकमाचं आगळ छोट्या बाटलीत नेलंत तर उत्तम, साखर-मीठ तिथे मिळतं. लघवी गडद पिवळी झाली किंवा चार तासांत झालीच नाही, तर गाडी थांबवा आणि प्या. हे लाजून झाकायचं नाही, सोबत्यालाही विचारायचं.

दिवस तापलाच तर जाकीट काढून वाऱ्यावर बसू नका. हवा अंगापेक्षा गरम असली की वारा थंड करत नाही, उलट अंगातलं पाणी ओढून नेतो, आणि घाम वाळतो म्हणून ते कळतही नाही. आतला सुती शर्ट आणि गळ्यातला पंचा ओला करा, वर जाकीट घाला, हवेची भोकं थोडी उघडी ठेवा. घट्ट पिळलेला पंचा तासभर सुख देतो.

खाण्याचं म्हणाल तर रोडहाऊसवर बर्गर, चिप्स, अंडी, पाय नावाची मांसाची कचोरी. शाकाहारी माणसाचे हाल होतात. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, पातळ पोह्यांचा चिवडा, गूळ-दाणे जवळ असू द्या. भारतातून नेताना विमानातल्या कार्डावर खाण्याचं सामान आहे का, या प्रश्नासमोर ‘हो’ लिहा. लिहिलंत तर फार तर एखादी वस्तू काढून घेतील. लपवलंत तर जबर दंड.

आणि हे एक फार जणांना माहीत नसतं. देशाच्या आत, एका राज्यातून दुसऱ्यात जातानाही फळं-भाज्या तपासतात. नलरबोरवरून पश्चिमेला जाताना सीमेवर, पूर्वेला येताना सिडूनाला नाका आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात मधसुद्धा चालत नाही. फळमाशी आणि मधमाश्यांचे रोग येऊ नयेत म्हणून ही काळजी. नाक्याच्या आधीच सफरचंदं खाऊन टाका.

झोप

आयर हायवेवर बॅलाडोनिया ते केग्युना या टप्प्यात १४६.६ किलोमीटर रस्त्याला एकही वळण नाही. अशा रस्त्यावर जागं माणूसही झोपतं.

दर दीड-दोन तासांनी उतरा. हेल्मेट काढा, शंभर पावलं चाला, तोंडावर पाणी मारा. मागचे पाच किलोमीटर आठवत नसतील तर तिथेच, रस्त्यापासून लांब, वीस मिनिटं आडवे व्हा. गाणी लावून झोप जात नाही. दुपारच्या जेवणाबरोबर बिअर तर नकोच.

गाडी बंद पडली तर

निघण्याआधी नवे टायर घाला. सरळ रस्त्यावर मागचा टायर मधोमध झिजतो, आणि निम्मा झिजलेला टायर परतीला साथ देत नाही. पंक्चर स्वतः काढायला शिका, घरच्या अंगणात एकदा काढून बघा. ट्यूब असेल तर जास्तीची ट्यूब, क्लचची वायर, फ्यूज, चेनची कडी आणि तेल, टेप, तार. रोज सकाळी टायरची हवा आणि नटबोल्ट हात लावून तपासा.

तरीही बंद पडली, तर गाडी सोडून जाऊ नका.

‘मागे एक फाटा दिसला होता, दहा किलोमीटर चाललं की पोहोचू’ असं मनात येईल. चालू नका. १९६३ च्या डिसेंबरात, ऐन नाताळात, बर्ड्सव्हिल ट्रॅकच्या बाजूला एका पाच जणांच्या कुटुंबाच्या मोटारीचं पेट्रोल संपलं. ते मोटार सोडून निघाले. पाचही जण तहानेने गेले. उघड्या रानात शोधणाऱ्याला गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही.

गाडी रस्त्यावरून दिसेल अशी उभी करा. तिच्याच सावलीत बसा, किंवा वर ताडपत्री बांधा. हायवेवर असाल तर कोणीतरी येतंच, आणि तिथे येणारा थांबतो. ही त्या मुलखाची रीत आहे. तुम्हीही पाळा. रस्त्याच्या कडेला कोणी उभं दिसलं की वेग कमी करा, ठीक आहे का विचारा.

मोबाइलच्या भरवशावर राहू नका. गाव सोडलं की थोड्या अंतरावर रेंज जाते, ती पुढच्या गावापर्यंत येत नाही. उपग्रहाला हाक देणारं छोटं यंत्र मिळतं, त्याला तिथे पीएलबी म्हणतात. विकत घ्या किंवा भाड्याने घ्या. बटण दाबलं की तुम्ही नेमके कुठे आहात हे बचाव केंद्राला कळतं. सरकारकडे त्याची नोंदणी फुकट होते, ती करा. ते खिशात ठेवा, गाडीच्या पेटीत नको. पडल्यावर गाडी एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे असू शकता. आणि जीव धोक्यात असेल तरच दाबा, पंक्चरसाठी नाही.

जखमी झालात तर बहुधा विमान येईल. फ्लाइंग डॉक्टरची ही सेवा १९२८ पासून चालू आहे. नलरबोरवर काही ठिकाणी रस्त्यावरच पांढरे पट्टे मारलेले दिसतील. तिथे हायवेवरच विमान उतरतं. त्या पट्ट्यांवर फोटोसाठी गाडी लावून बसू नका.

ज्यांची जमीन आहे त्यांच्या घरी

या मुलखातली पुष्कळ जमीन आदिवासींच्या मालकीची आहे. हायवेवरून जायला परवानगी लागत नाही. आत जाणाऱ्या काही रस्त्यांना लागते, ग्रेट सेंट्रल रोडला लागते. ती निघण्याच्या बरीच आधी मागा. काही वस्त्यांत दारू नेणं गुन्हा आहे, फलक लावलेला असतो. माणसांचे, विशेषतः मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. उलुरूवर चढणं २०१९ च्या ऑक्टोबरपासून बंद आहे. तिथल्या अनंगू लोकांसाठी तो खडक पवित्र आहे. खालून प्रदक्षिणा घाला, दहा किलोमीटरची आहे. आपल्याला प्रदक्षिणेची सवय आहेच.

घरच्यांसाठी

आई, बाबा, वहिनी, आता तुमच्याकडे वळतो.

तो किंवा ती निघण्याआधी एक कागद मागून घ्या. गाडीचा नंबर, रंग, रोजचा मुक्काम, त्या मुक्कामाचा फोन, पीएलबीचा क्रमांक. असाच कागद ऑस्ट्रेलियातल्या एका माणसाकडे हवा. मित्र असेल, महाराष्ट्र मंडळातले कोणी काका असतील. इथून तिथल्या ००० या आणीबाणीच्या नंबरला फोन लागत नाही. पोलिसांना कळवायचं झालं तर ते तिथल्या माणसानेच कळवायचं.

पीएलबीच्या नोंदणीत ज्यांचे फोन दिलेत त्यांना बचाव केंद्र फोन करतं. तेव्हा तिथे दोघांचे नंबर द्यायला सांगा, जे अनोळखी नंबरही उचलतात आणि ज्यांना आजचा मुक्काम माहीत आहे.

फोनची वेळ ठरवा. ॲलिस स्प्रिंग्स आपल्यापेक्षा चार तास पुढे आहे. तिथे संध्याकाळी पाच म्हणजे आपल्याकडे दुपारचा एक. पर्थ अडीच तास पुढे. मुक्कामाला पोहोचलं की एकच निरोप, ‘पोहोचलो’. दिवसभर फोन लागत नसेल तर घाबरू नका, रेंजच नसते. मध्येमध्ये फोन करून त्याला गाडी चालवताना बोलायला लावू नका. ठरलेल्या वेळेनंतर तीन तास वाट बघा. मग तिथल्या माणसाला सांगा. त्याने आधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करायचा, मग मागच्या रोडहाऊसला, मग पोलिसांना.

आणि मुलांनो, बेत बदललात तर निरोपही बदला. ज्या मोहिमेसाठी ते उंट नेले होते, तिचे पुढारी बर्क आणि विल्स १८६१ च्या २१ एप्रिलला संध्याकाळी आपल्या तळावर परतले. तळावरची माणसं त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. जाताना झाडावर खूण कोरून, खाली अन्न पुरून गेली होती. बर्क-विल्सनी ते काढलं, चिठ्ठी पुरली, आणि दुसऱ्या दिशेने निघाले. झाडावरची खूण मात्र तशीच ठेवली. काही दिवसांनी तळावरचा प्रमुख परत येऊन बघून गेला. काही बदललेलं दिसलं नाही, म्हणून त्याने खणलंच नाही. पुढे दोघेही मेले. सोबतचा किंग तेवढा वाचला, तोही तिथल्या यांद्रुवांधा लोकांनी खाऊपिऊ घातलं म्हणून. तुम्ही कूबर पीडीला एक रात्र जास्त राहणार असाल, तर तेवढंही घरी कळवा.

शेवटी एक परतीचं. उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र घेतलं असेल तर ते भारतात आणू नका. परवान्याशिवाय ते बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर अशी यंत्रं जवळ असलेल्या परदेशी पाहुण्यांना पोलिसांनी धरलं होतं. मेलबर्नच्या मित्राकडे ठेवा, किंवा भाड्याचं असेल तर विमानतळाकडे निघण्याच्या आदल्या दिवशी परत करून पावती घ्या.